पाटीवरची तारीख

४ जानेवारी

चिमण्या,

मोठ्या बहिणीने आशीर्वाद लिहून सुरुवात करायची असते, म्हणून तो आधी घे. बाकी या पत्रात तुला आवडेल असं काही नाही.

तुझ्या सेक्रेटरीने पाठवलेला लिफाफा पोचला. आत निमंत्रण, तुझा हसरा फोटो आणि गायक-वादकांच्या संघटनेने छापलेलं कॅलेंडर. रोजच्या तारखेखाली 'संगीताच्या इतिहासात आजचा दिवस'. चष्मा लावून सगळं वाचून काढलं, मला आता दुसरं काम काय आहे! अमुक दिवशी यंत्रातून माणसाचा आवाज पहिल्यांदा परत ऐकू आला. अमुक दिवशी कुणाच्या तरी रेकॉर्डीचा लाखावा नग खपला. आमची रेकॉर्डीची फॅक्टरी बंद पडली तो दिवस मात्र कुठे दिसला नाही. आणि १९ मार्चला, लाल चौकटीत, आपली स्वारी. 'या दिवशी, आई अखेरच्या घटका मोजत असताना, तिच्याच आज्ञेवरून या गायकाने आपलं अजरामर गीत ध्वनिमुद्रित केलं. यंदा पन्नास वर्षं.'

आज्ञेवरून! आपल्या आईने जन्मात कुणाला आज्ञा केली नाही रे. दूध उतू चाललं तरी ती 'अगं, बघतेस का जरा' म्हणायची.

सेक्रेटरी लिहितो की जुन्या स्टुडिओच्या भिंतीवर पितळी पाटी बसणार आहे. तिच्यावर गाण्याचं नाव, तुझं नाव आणि ती तारीख. मी व्यासपीठावर येऊन 'दोन भावपूर्ण शब्द' बोलायचे, कारण त्या दिवशी आईजवळ मी एकटीच होते. एवढं एक वाक्य मात्र त्याने खरं लिहिलंय.

माझं मागणं एकच आहे. पाटीवरून तारीख काढ. गोष्ट तू सांगत आलायस, पुढेही सांग. लोक रडतात, रडू देत. मी आजवर कुठे तोंड उघडलं नाही. पण पितळेत कोरलेलं मागे घेता येत नाही. १९ मार्च हा आई गेल्याचा दिवस आहे. तो तुझ्या गाण्याचा वाढदिवस नाही. दर वर्षी त्या दिवशी सकाळपासून रेडिओवर तेच गाणं लागतं, घरी परत येणाऱ्या माणसाचं, आणि खालचा किराणावाला मला 'अभिनंदन ताई' म्हणतो. गेल्या वर्षी मी पिशवी तिथेच ठेवून जिना चढून वर आले.

फोन करू नकोस. फोनवर तू गोड बोलतोस आणि मी विरघळते, आजवर असंच होत आलंय. काय ते लिहून कळव.

ताई


२३ जानेवारी

चिमण्या,

टाइप केलेलं उत्तर मिळालं. खाली सही तुझी आहे, की तीसुद्धा सेक्रेटरी करतो?

'इतक्या वर्षांनी तारखेचं काय घेऊन बसलीस. वयोमानाने तुझाच काहीतरी घोळ होत असेल. मला तर तो मायक्रोफोन, ते वादक, खिडकीबाहेरचं ऊन सगळं स्वच्छ आठवतं.' वा! स्टुडिओला खिडकी कुठली रे? तिथे भिंतींना गाद्या ठोकल्या होत्या, हे मला तूच येऊन सांगितलं होतंस. खोटं बोलायचं तर निदान खिडक्या मोजून तरी बोल.

माझा घोळ होऊ शकत नाही. का, ते तू विसरलास. मी कुठे कामाला होते, आठवतं का? रेकॉर्डीच्या फॅक्टरीत. काळ्या मसाल्याचा गरम गोळा दोन साच्यांमध्ये दाबायचा, की तबकडी तयार. त्या कामाला पुरुष होते. आम्ही बायका मागच्या खोलीत, कपाटाएवढ्या फळकुटाच्या खोपट्यांत, कानाला हेडफोन लावून बसायचो. नव्या रेकॉर्डीची पहिली नमुन्याची तबकडी आमच्याकडे यायची. ती आम्ही पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकायची. कुठे टिकटिक आहे, कुठे घरघर आहे, कुठे सुई उडी मारते ते सांगायचं. आम्ही होकार दिला की मग हजारो छापायच्या. सगळी फॅक्टरी मला 'कानवाली' म्हणायची, आणि मलाही ते आवडायचं.

तुझ्या गाण्याची नमुन्याची तबकडी माझ्याच खोपट्यात आली. बाहेर थंडी होती, सुपरवायझर बाईंनी अंगावर कोट चढवला होता. आई तेव्हा अंथरुणावर होती, पण उशीला टेकून बसायची. म्हणजे तुझं गाणं स्टुडिओत म्हणून झालं होतं, साचा बनून झाला होता, तबकडी निघाली होती, आणि आई त्यानंतर कितीतरी दिवस जिवंत होती. समजलं? आई गेली त्या दिवशी म्हटलेलं गाणं मी आधीच कसं ऐकलं असेल?

नमुना ऐकून झाला की तो सुपरवायझर बाईंच्या देखत फोडायचा, हा नियम. बाहेर गेला तर नोकरी जायची. मी हातोडी हातात घेतली आणि माझा हात चालेना. बाईंनी विचारलं, "काय गं, घरचं आहे?" म्हटलं, "भाऊ आहे. आई आजारी आहे, तिला ऐकवायचं होतं." बाई दुसऱ्याच कुणाची फुटकी तबकडी माझ्या टोपलीत टाकून म्हणाल्या, "फुटली. मी बघितली." त्या बाईचं नाव कुठल्या कॅलेंडरात नाही.

तळमजल्यावरच्या शिंप्याकडून प्लेअर आणला. आईने डोळे मिटून गाणं ऐकलं. संपल्यावर म्हणाली, "दुसऱ्या कडव्यात आवाज ओढलाय. जेवला नव्हता वाटतं." मग म्हणाली, "परत लाव." तीनदा लावलं. शिंपी दारात उभा होता, त्याचेही डोळे भरून आले. आणि आई एवढी खूश झाली की म्हणाली, "चला, झालं बाई त्याचं काम. आता येईल तो."

यानंतरचं तुला लिहून कळवायची गरज आहे का? बसने तासाभराच्या अंतरावर राहत होतास तू. मी शिंप्याच्या दुकानातून कंपनीच्या ऑफिसात किती निरोप ठेवले. आई रोज संध्याकाळी विचारायची, "गाणं झालं ना त्याचं? मग का येत नाही?" गाणं व्हायचं राहिलं असतं तर तिची समजूत घालता आली असती रे. मी म्हटलं असतं, काम आहे त्याला. पण ती ते काम स्वतःच्या कानांनी ऐकून बसली होती.

तारीख काढ.

ताई


१७ फेब्रुवारी

चिमण्या,

तुझ्याकडून उत्तर नाही, पण रेडिओवाली मुलगी आली. सेक्रेटरीने तिला माझा पत्ता दिला म्हणे. मला व्यासपीठावर आणता येत नाही तर निदान आवाज तरी मिळवू, असा तुमचा बेत असणार. मी तिला दारातूनच परत पाठवणार होते. मग म्हटलं, नको, येऊ दे. तू लिहिलेल्याकडे बघत नाहीस, तर ऐक.

मुलगी चांगली होती. चपला बाहेर काढल्या, पंखा बंद करायला लावला, यंत्र टेबलावर ठेवलं. मी सगळं सांगितलं. तबकडीचं, आईच्या प्रश्नाचं, आणि १९ मार्चचंसुद्धा. त्या सकाळी मी शिंप्याच्या दुकानातून फोन केला, की आता फार वेळ नाही, पाठवा त्याला. पलीकडचा कारकून म्हणाला, "त्यांना फोटोला नेलंय. रेकॉर्डच्या पाकिटावर छापायचाय ना." दुपारी आई गेली. तू संध्याकाळी आलास. चेहऱ्यावर पावडर होती तुझ्या, कॉलरलाही लागली होती. दारातच म्हणालास, "तीन वेळा शर्ट बदलायला लावला, ताई, मी काय करू?" गाणं म्हणायला पावडर लागत नाही, चिमण्या. तोच फोटो या वर्षीच्या निमंत्रणावर आहे. काय छान हसतोयस.

मुलगी ऐकत होती. शेवटी म्हणाली, "आजी, हे त्यांना माहीत आहे का, की तुम्ही हे सांगताय?" म्हटलं, "त्यालाच तर सांगतेय."

खरं सांगते, ती गेल्यावर मला हलकं वाटलं. पहिल्यांदा ही गोष्ट तू रेडिओवर सांगितलीस तेव्हा मी फॅक्टरीच्या कँटीनमध्ये डबा उघडून बसले होते. सगळ्या बायका माझ्याकडे बघून डोळे पुसायला लागल्या. एकीने माझा हात धरला. संध्याकाळी मी तडक तुझ्या घरी आले, तेव्हा तू म्हणालास, "ताई, लोकांना गोष्ट लागते." मी तशीच परत फिरले, आणि तेव्हापासून आपलं नातं लग्नपत्रिका आणि एखाद्या फोनपुरतं उरलं. एवढ्या वर्षांनी निदान एका यंत्रासमोर तरी मला बोलता आलं.

ताई


२ मार्च

ऐकलं.

काल दुपारी लागला कार्यक्रम. शेजारीण आपला चहा घेऊन माझ्याकडेच येऊन बसली होती. निवेदक म्हणाला, आता ऐकूया भगिनींच्या आठवणी. आणि माझा आवाज आला: "आई रोज त्याच्याबद्दल विचारायची. त्या दिवशी तिच्याजवळ मी एकटीच होते. दुपारी आई गेली." एवढंच. लगेच तुझं गाणं.

शेजारीण म्हणाली, "अगं, किती छान बोललीस, थोडक्यात आणि मनातलं."

चिमण्या, अरे मी चाळीस मिनिटं बोलले होते. त्यातली तीन वाक्यं वेचून काढली आणि एकमेकांना चिकटवली. इतरांना काही कळणार नाही, पण मला ते सांधे ऐकू आले. पहिल्या वाक्यामागे आमच्या नळाचं पाणी ठिबकत होतं, दुसऱ्यामागे ते एकदम थांबलं, तिसऱ्यामागे रस्त्यावरचा हॉर्न अर्ध्यातून सुरू झाला. आयुष्यभर दुसऱ्यांच्या रेकॉर्डींतले दोष काढले मी. माझीच अशी निघाली तर ती फोडून टाकायला कुठली टोपली!

मी त्या मुलीला फोन केला. बिचारी ओशाळली. "आजी, मी सगळं ठेवलं होतं. पण वरून सांगणं आलं. सरांची विनंती होती म्हणे." सर म्हणजे तू. म्हणजे तू ऐकलंस. पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकलंस, आईचा प्रश्नसुद्धा ऐकलास, आणि मग म्हणालास, हे काढा.

खोटी गोष्ट रचलीस तेव्हा मला राग आला होता. आता तुझी किळस आली. मला वाटायचं, तू इतक्यांदा सांगून सांगून स्वतःच फसला असशील. पण फसलेला माणूस कापत नाही. काय कापायचं हे ज्याला नेमकं कळतं तोच कापतो.


११ मार्च

चिमण्या,

यावेळचं पत्र हाताने लिहिलेलं आहे. तुझं अक्षर बघून मी खुर्चीत बसले. अजून ओळी चढत्या जातात तुझ्या, मास्तर त्यासाठीच छड्या मारायचे.

तू लिहितोस, 'ताई, मला सगळं आठवतं. तीन शर्ट आठवतात. फोटोवाला म्हणत होता, डोळ्यांत जरा हसू येऊ दे, आणि मी आणलं. निरोप सकाळीच मिळाला होता मला. वाटलं, एक तासाचं काम आहे, उरकून जाऊ. नंतर ते कुणाला सांगायची लाज वाटली, आणि एका मुलाखतीत तोंडातून दुसरंच निघालं.' एवढं तू मला पन्नास वर्षांत कधी सांगितलं नव्हतंस. वाचून मी रडले. खोटं कशाला बोलू?

आणि शेवटी विचारतोस, 'आई जाताना काही म्हणाली का? रेडिओवर तू ते बोलली नाहीस.'

हो. म्हणाली. शेवटचं शुद्धीतलं एकच वाक्य, आणि ते तुझ्यासाठी होतं. मी ते कुणालाही सांगितलेलं नाही. त्या संध्याकाळी तू पावडर लावून दारात उभा होतास आणि मला तुझ्याशी बोलवेना. मग घर माणसांनी भरलं, मग कंपनीची गाडी तुला न्यायला आली. पुढे तुझी गोष्ट गाजली, तेव्हा वाटलं, कशाला देऊ, उद्या तेही वाक्य याच्या स्टेजवर चढेल. पण ते माझं नाही, तुझंच आहे. या वयात दुसऱ्याची वस्तू जवळ ठेवून मरायचं नाही मला.

ते पत्रातून मिळणार नाही. तू ये. सेक्रेटरी नको, रेडिओ नको, हारतुरे नकोत. कार्यक्रमाच्या आधी कुठल्याही दिवशी ये आणि समोर बसून विचार, मी सांगेन. पाटीबद्दल तू 'बघतो' एवढंच लिहिलंयस. तेही बघ.

जिना अंधारा आहे, कठडा धरून चढ.

ताई


२० मार्च

चिमण्या,

हे शेवटचं पत्र, आणि ते मी तुला ओरडायला लिहीत नाहीये.

रविवारी तू आलास. दार उघडलं तर समोर धापा टाकणारा म्हातारा, कानांच्या वर केस रंगवायचे राहिलेले. पहिल्यांदा मला तू ओळखूच आला नाहीस. मग म्हणालास, "ताई, दोन जिने चढलो, आता टाळ्या वाजव." आणि मी हसले. किती वर्षांनी हसलो आपण दोघं एकत्र! चहा टाकला. तू स्वयंपाकघरातच बसलास, टेबलाशी, गुडघे चोळत. आईसारखाच बसतोस, एक पाय खुर्चीच्या दांडीवर. मी पाठमोरी होऊन डोळे पुसले, ते तुला कळलं असेल.

मग कप समोर आले, आणि तू माझ्या हातावर हात ठेवून म्हणालास, "सांग, ताई. काय म्हणाली?"

तुझा फोन टेबलावर पालथा होता, साखरेच्या डब्याला टेकून. मला त्यात काही वावगं वाटलं नाही, हल्ली सगळेच तसा ठेवतात. मी तुझ्याकडे बघितलं. पन्नास वर्षं जपलेलं, सांगायचं तर सावकाश सांगायला हवं. तेवढ्यात फोन थरथरला, कुणाचा तरी मेसेज. तू सवयीने तो सुलटा केलास, आणि मला लाल ठिपका दिसला, त्याच्या शेजारी पुढे पुढे पळणारे आकडे. ध्वनिमुद्रण चालू होतं. जिन्यातच सुरू करून आला असशील.

तू माझ्याकडे बघितलंस. मी बघितलं हे तुला दिसलं. त्या क्षणी तू बोट लावून ते बंद केलं असतंस ना, चिमण्या, तर देवाशप्पथ सांगते, मी एक शब्द न बोलता सगळं विसरले असते. पन्नास वर्षांची सवय आहे त्याची, चालायचंच, असं म्हणून मी ते वाक्य तुला दिलं असतं. पण तू फोन पुन्हा पालथा ठेवलास. हळूच, आवाज न करता. आणि म्हणालास, "हं, काय म्हणत होतीस?"

मी म्हटलं, "साखर बरोबर आहे ना?"

मग आपण गुडघ्यांबद्दल बोललो. तुझ्या सुनेबद्दल बोललो. निघताना जिन्यात तू पुन्हा विचारलंस, तेव्हा फोन तुझ्या वरच्या खिशात होता, तोंड माझ्याकडे करून. मी कठड्याकडे बोट दाखवलं आणि दार लावलं.

काल टीव्हीवर पाहिलं. पाटीवरचा पडदा सरकला, तारीख जिथल्या तिथे. तू गोष्ट सांगितलीस, नेहमीच्याच ठिकाणी आवाज कापरा झाला, लोक उभे राहिले. वर म्हणालास, "आईचे अखेरचे शब्द परवाच माझ्या ताईने मला सांगितले, पण ते मी माझ्यापाशीच ठेवणार आहे." मी टीव्ही बंद केला. तुझ्यापाशी काय आहे, हे आपल्या दोघांनाच माहीत आहे.

एक सांगते. त्या वाक्यात तुला बोल नव्हता. तू ज्या गोष्टीची लाज धरून बसलास, जिच्यापायी एवढं सगळं रचलंस, तिच्याबद्दलच आई बोलली होती, आणि रागाने नाही. ते त्याच आठवड्यात तुझ्या कानावर पडलं असतं तर तुला कुठली गोष्ट सांगायची वेळच आली नसती. आता मी ते कुणाला देणार नाही. तुलाही नाही.

रविवारचं ध्वनिमुद्रण तू घरी जाऊन ऐकलं असशीलच. त्यात खुर्ची सरकते, चमचा वाजतो, तू विचारतोस. पुन्हा एकदा लाव, आणि यावेळी कान देऊन ऐक. फोन थरथरायच्या जरासं आधी मी श्वास घेतलेला ऐकू येईल. मी बोलायला लागले होते.